दिवा वाढवा

"तारामती, आज संध्याकाळी बस्सीपलीकडच्या त्या बिनविजेच्या ढाणीतून, एवढ्याशा वस्तीतून, अंधार कायमचा हद्दपार होणार!"

"होऊ दे. आधी तुमचा सौर कंदील माझ्या पायावरून उचला."

शहाऐंशी सालच्या जयपूरच्या बसस्टँडवर, बस्सीच्या बसच्या रांगेत इंजिनियर नवऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं हे मराठी ऐकून मागे उभ्या, मराठी मुलखात नोकरी करून आलेल्या सुभेदार देवरामांनी कान टवकारले, चेहरा मात्र राजस्थानीच ठेवला.

"आज खात्याचे साहेब स्वतः बघायला येणार. लोकांनी नको म्हटलं की योजना बंद, आणि त्या घरांत पुन्हा रॉकेलची चिमणी."

"नको का म्हणतील? दिवसा उन्हात ठेवला की झालं."

"शिवाय यंदा उजेड दुप्पट केलाय. बटणसुद्धा काढून टाकलं, म्हणजे बिघडायला काही उरलंच नाही. अंधारलं की आपोआप लागतो, पहाटेपर्यंत हटत नाही."

"दुप्पट कशाला?"

"बायकांचीच मागणी. मागच्या खेपेला रात्री दिवे दाखवत फिरलो, तर घरोघरी एकच वाक्य, 'बाबूजी, अब दिया बढ़ा दो.'"

"कधी म्हणाल्या?"

"पोरं निजवताना."

"अहो, म्हणजे विझवा! शेजारचे लालाजी रोज दुकान 'बढ़ाते हैं', तेव्हा कुलूपच लावतात ना?"

"पण बढ़ाना म्हणजे वाढवणं!"

"आपण नारळ वाढवतो, तो मोठा होतो का?"

बस लागली. रांग हलली. सुभेदारांनी मिशीआड ओठ चावला.

"तारा..."

"काय?"

"तुझ्या अंबाड्यातला एक आकडा दे. बटण करतो."