मागच्या पाइपातून पाणी आलं नाही

मी, धक्क्यावर सगळे जिला लाँचवाली म्हणतात ती, वय ४९ वर्षे, धंदा प्रवासी लाँच चालवणे, राहणार बोटींच्या शेडमागच्या गल्लीत, वडिलांच्या घरी. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे वडील, धाकटा भाऊ आणि भावजय असे एकत्र राहतो. लाँच वडिलांच्या नावावर आहे. चालवते मी. भावाला धक्क्यावर कॅप्टन म्हणतात, कारण त्याने तशी टोपी विकत आणलेली आहे.

लाँचचं इंजिन जुनं, पेट्रोलवर चालणारं आहे. ते समुद्राच्या पाण्याने थंड होतं. पाणी आत येतं, इंजिनातून फिरतं, सायलेन्सरमध्ये जातं आणि धुराबरोबर मागच्या पाइपातून बाहेर पडतं. हंगाम संपून लाँच शेडमध्ये घेतली की आत राहिलेलं खारं पाणी काढून टाकावं लागतं. मग नळाचं गोडं पाणी सोडून इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे मीठ धुऊन निघतं. हे केलं नाही तर इंजिन आतून गंजतं. दरवर्षी हे काम शेजारच्या शेडमधला फिटर करतो आणि मी त्याच्या हाताखाली असते.

यंदा भावाने सांगितलं की हे काम तो स्वतः करणार. त्याने मोबाईलवर पाहून ते शिकून घेतलं होतं. शिकल्यावर लगेच इतरांना शिकवावं असंही त्याच्या मनात आलं होतं, म्हणून कामाचा व्हिडिओ काढायचं ठरलं. काल सकाळी फिटर हत्यारांची पेटी घेऊन आला, तेव्हा भावाने त्याला शिडीच्या खालूनच परत पाठवलं. घरचा माणूस असताना बाहेरचा कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. फिटरने माझ्याकडे पाहिलं. वडील तिथेच उभे होते आणि त्यांचा हात भावाच्या पाठीवरून फिरत होता, त्यामुळे मी नळाची नळी जोडायला गेले. फिटरने लाँचला हात लावलेला नव्हता, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

शेडमध्ये वारा लागतो म्हणून वडील केबिनमध्ये चहा घेत बसले. केबिन इंजिनाला लागूनच आहे. दार आणि खिडक्या लावलेल्या होत्या. भावाने बुचं काढून इंजिनातलं पाणी सोडलं. सायलेन्सर रिकामा करण्यासाठी त्याने मागे जाणारा रबरी पाइप काढला आणि झाल्यावर तो परत नुसताच बसवला. पाइप आवळून धरणाऱ्या दोन क्लिपा असतात. त्या हरवू नयेत म्हणून त्याने वडिलांच्या रिकाम्या कपात ठेवल्या होत्या. त्या हरवल्या नाहीत. नंतर तिथेच सापडल्या.

मला त्याने खाली नळापाशी उभं केलं. इंजिन सुरू केलं. मग तो शिडीने उतरून लाँचच्या पुढच्या टोकाशी गेला, मोबाईल स्टँडवर लावला, टोपी घातली आणि बोलायला लागला. मी मागच्या बाजूला होते. मागच्या पाइपातून ना पाणी पडत होतं ना धूर येत होता. मी त्याला ओरडून सांगितलं की मागून पाणी येत नाही. त्याने हातानेच थांब अशी खूण केली. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू नळ सांभाळ. तुझा आवाज मध्ये येतोय."

त्यानंतर वडिलांनी केबिनची खिडकी सरकवली आणि वास येतोय असं म्हणाले. भाऊ म्हणाला, "बाबा, इंजिन धुतलं की वास येणारच. खिडकी लावून घ्या, रेकॉर्डिंग चालू आहे."

वडिलांनी खिडकी लावून घेतली. इतक्या वर्षांत माझं सांगणं त्यांनी इतक्या चटकन कधी ऐकलेलं नाही.

मी नळ तसाच सोडून वर चढले आणि आधी इंजिन बंद केलं. केबिनच्या काचेतून आत धूर दिसत होता. वडील बाकावरून खाली घसरलेले होते. दार फुगलेलं असल्याने मला एकटीला उघडेना. मी फिटरला हाक मारली. भाऊ जास्त जवळ होता, पण मला उपयोगाचा माणूस हवा होता. फिटर धावत आला, त्याने लाथ घालून दार उघडलं आणि आम्ही दोघांनी वडिलांना उचलून शिडीने खाली उतरवलं. तोवर भाऊ मोबाईल स्टँडवरून काढत होता. वडिलांचा चेहरा कसा दिसत होता ते मी सांगत नाही. ते डॉक्टरांनी लिहिलेलं आहे.

वडिलांना दवाखान्यात न्यायला गाडीत घातल्यावर मी इंजिनावरची फळी उचलून पाहिली. रबरी पाइप सुटून खाली पडलेला होता. सगळं पाणी लाँचच्या तळात साचलं होतं आणि सगळा धूर केबिनमध्ये गेला होता.

वडील संध्याकाळी शुद्धीवर आले. मी समोर होते. त्यांनी विचारलं, "त्याला काही झालं नाही ना?" मी म्हटलं, त्याला काय होतंय.

पाइप फिटरने सैल ठेवला असं म्हणून भावाने इथे दिलेल्या तक्रारीत फिटरचं नाव घेतलं आहे. फिटरच्या हाताचे ठसे लाँचवर आहेत असं तो म्हणतो. आहेत. केबिनच्या दारावर आहेत, शिडीवर आहेत. व्हिडिओबद्दल विचारलं असता भाऊ म्हणतो की आवाज खराब आला म्हणून त्याने तो पुसून टाकला.

आज सकाळी वडिलांनी मला बोलावून घेतलं. मी फिटरचंच नाव घ्यावं, तो परका माणूस आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल, घरची गोष्ट घरात राहावी, असं त्यांनी समजावलं. मी म्हटलं, "बाबा, त्या परक्यानेच तुम्हाला बाहेर काढलंय."

ते म्हणाले, "मग त्याच्याच दारात जाऊन राहा. लाँचला पुन्हा हात लावू नकोस."

मी लाँचची किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली आणि इकडे चौकीत आले. बाहेरच्या बाकावर फिटर सकाळपासून बसलेला आहे. त्याला घरी जाऊ द्यावं, एवढंच माझं सांगणं आहे. मला कोणी शिकवलेलं नाही, आणि माझ्यावर दबाव होता तो वर सांगितलेला आहे.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. भावाच्या हातून क्लिपा लावायच्या 'नजरचुकीने' राहिल्या, असं त्यात लिहिलेलं होतं. नजर चुकायला ती आधी कामावर असावी लागते, म्हणून तो शब्द मी खोडायला लावला. आता मजकूर मी सांगितला तसा आहे. खाली सही करत आहे.