सूर्यभानचा दाखला

आता तुमीच सांगा, चोपन्न वर्षांच्या धडधाकट माणसानं आपण जन्मलो हे सिद्ध कसं कराचं? मी समोर उभा आहो, दात दाखवले, खोकून दाखवलं, तरी तिवस्याच्या हापिसातला बाबू म्हणते, कागद आणा! अरे, आमाले शाळेत मास्तरनं एका ओळीत शिकवलं होतं, बर्थ म्हणजे जन्म, विषय संपला. कुठं संपला?

झालं असं, आमची पौर्णिमा कॅनडात, तिची पहिली खेप. पहिलं बाळंतपण माहेरी करतेत, अन् पोट्टीले येता येत नाही, म्हून माहेरानंच तिकडं जाचं ठरलं. ती फोनवर मले इंग्रजी शिकवे. बाबा, गिव्ह बर्थ म्हणजे बाळंत होणं, बाय बर्थ म्हणजे जन्मापासून, बर्थमार्क म्हणजे जन्मखूण... मी इतकं घोकलं, का आमची म्हैस रवंथ थांबवून ऐकाले लागली, खोटं नाही सांगत. मंग जठारपेठेतल्या एजंटनं कॅनडाले जाचा फॉर्म काढला. डेट ऑफ बर्थ, प्लेस ऑफ बर्थ, अन् शेवटी बर्थ सर्टिफिकेट. बायकोचं निघालं. माहं...

बाबूनं जुनं रजिस्टर काढलं. बाप किसनराव, माय पार्बताबाई, मुलगा सूर्यभान. मी म्हटलं, हाच मी! त्यानं दुसरं रजिस्टर उघडलं, लय वेळ बोट फिरवलं, अन् चष्मा काढून म्हणते, "काका, तुमी तर आठ महिन्यांचे असतानीच वारले."

बर्थ म्हणजे जन्म म्हणे!

घरी आलो. माय ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. इचारलं, तर मान वर न करता म्हणते, "तो तुह्या आंधीचा. त्याचं नाव लिवलं अन् तो गेला. तुहं लिवलंच नाही."

मले घरी सारे दगडू म्हणत, ते काहून, हे मले तवा समजलं.

"मंग शाळेत मी सूर्यभान कसा?"

"त्याचा कागद पेटीत होता. म्हटलं मेल्याच्या नावावर जग बापा, त्याले न्याले दुसऱ्यांदा कोण येते?"

आता अशा बाईवर चिडाचं कसं?

बायको एकटीच गेली. मंगळवारी नात झाली. पौर्णिमा म्हणे, बाबा, बाळाच्या नावाची नोंदही झाली, घरबसल्या! मायनं एवढंच इचारलं, "लिवलं काय नाव?" हो म्हटलं, तर बुढी दिवसभर जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हापिसात. बाबू बिचारा भला माणूस, चहा पाजला. म्हणे, काका, तुमचा जन्म व्हाले अजून सहा महिने लागतीन, कोर्ट, साक्षीदार, लय भानगडी आहेत. "पण मरणाचा दाखला पाह्यजे असन, तर आत्ताच देतो. तयार आहे."

घेऊन ठेवला, बाप्पा. मागून पौर्णिमेले धावपळ नको.