काकांची बोंडअळी

कॉम्प्युटर नीट करून बोलणी खाल्लीत कधी? मी खाल्ली, गावी उंद्रीत, सख्ख्या काकूची.

तिचा ब्राउझर उघडला की नुसत्या जाहिराती. मी रिसेट मारला, जुनं शोधलेलं सगळं पुसून टाकलं. काकूनं एका बोटानं ‘बो’ लिहिलं आणि थांबली.

"काऊन रे, खाली काहीच येत नाही?"

"काय यायचं?"

"‘बोंडअळीवर उपाय’. तुह्या काकाचं ते! रोज शोधत बसायचे. पुसलं काऊन तू?"

काका वारले त्याला तीन वर्षं झालेली. वावरात आता कपाशी नाही, सोयाबीन असतं. काकू मात्र रोज एक अक्षर लिहून त्यांचा प्रश्न बघायची.

तिनं चष्मा सावरला, एकेक अक्षर हुडकत अख्खी ओळ स्वतः लिहिली.

"आता याच्या ध्यानात राहीन ना?"