चौथ्या वेळची किटली

चेटूक परवान्याच्या कचेरीत वायरमन शिडीवर चढून पंखा दुरुस्त करत होता. खाली बाकावर दोन मैत्रिणी बसल्या होत्या, परीक्षेला आलेली चेटकीण आणि तिला सोबत म्हणून आलेली शिंपीण.

"तीनदा नापास झालेय. आजची शेवटची संधी."

"करायचं काय असतं गं?"

"विस्तवाशिवाय किटली उकळायची. मी आईचा मंत्र म्हणते, काना-मात्रा न चुकता. पाणी ढिम्म हलत नाही."

"माझ्या घरी तर रोज उकळतं."

"तू गॅस पेटवतेस म्हणून."

"मी कुठे पेटवते? तू येतेस, किटलीला म्हणतेस, 'टवळे, बसलीस का तोंड फुगवून?' की ती लागते खदखदायला."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"मला वाटायचं, तुला माहितीये."

"पण हा काय मंत्र झाला? आई असती तर कपाळाला हात लावला असता."

"आईचं चेटूक आईपाशी. तू तुझं कर."

"परीक्षक हसले तर?"

"हसू देत. पाणी उकळलं की गप बसतील."

"बरं. आज आईचा मंत्र नाहीच म्हणणार. तुझ्या पिशवीत काय वाजतंय?"

"तुला काय करायचंय? जा, नंबर आला तुझा."

ती बाह्या सरसावून आत गेली. दार लागलं. वायरमनचा स्क्रू हातातच राहिला.

"टवळे, चारचौघांत माझी शोभा करतेस होय?"

आत किटलीची लांब शिट्टी वाजली. शिंपिणीने पिशवीतून दोन कप काढले, वर बघितलं आणि तिसराही काढला.

"वायरमनदादा, साखर किती?"