परतीचं धरून

प्रेमानंद : ते सगळं ठीक आहे, पण हे अकरा टक्के म्हणजे काय वं हिमानी? अकरा टक्के कायचे?

हिमानी : चार्जिंग, बाबा. पट्टा लावा न आधी.

प्रेमानंद : लावला. सारी जिंदगी विमानात गेली, मले पट्टा शिकवू नको. अकरा टक्क्यांत मिहानले जाऊन जरीपटक्याले परत येणं होते का?

हिमानी : जाणं होते. तिथे चार्जर आहे.

प्रेमानंद : तिथं आहे. वा. अन् तो बिघडला असला तर? त्याच्यावर दुसऱ्याची गाडी लागली असली तर? आमच्या धंद्यात कसं असते, सांगतो. जिथं जायचं तिथलं इंधन. तिथं उतरता नाही आलं तर बाजूच्या गावचं. अन् वरून अर्धा तास घिरट्या घालायचं. एवढं पोटात असल्याशिवाय आम्ही जमिनीवरून चाक उचलत नव्हतो. नागपूरले धुकं असलं तर रायपूरचं धरून निघायचं. अन् कॅप्टन प्रेमानंदची पोरगी अकरा टक्क्यांवर निघाली.

हिमानी : हे विमान नाही. बंद पडली तर कडेला उभी करू अन् ऑटोनं जाऊ.

प्रेमानंद : असंच तुझे आजोबा म्हणायचे. मी विमानात लागलो तेव्हा मिलमधून आले, हात धुतले अन् मले विचारून राहिले, "आनंदा, वर बंद पडलं तर उतरून धक्का मारता येते का गा?"

हिमानी : मग तुम्ही काय सांगितलं?

प्रेमानंद : सांगतलं, दोन इंजिनं असतात. एक गेलं तर दुसरं. ते म्हणाले, अन् दुसरं गेलं तर? मी म्हटलं, चहा घ्या.

हिमानी : बसले न शेवटी तुमच्या विमानात?

प्रेमानंद : बसले. मुंबईपर्यंत डोळे गच्च मिटून. खाली उतरल्यावर म्हणतात, छान होतं, काही दिसलं नाही. पण त्याईले इंजिनाचा आवाज तरी येत होता न. तुझ्या या गाडीले आवाजच नाही. चालू आहे का बंद आहे, माणसाले समजावं कसं? मले बाप्पा मुक्या माणसाची अन् मुक्या यंत्राची भीती वाटते. दोघंही पोटातलं सांगत नाहीत.

हिमानी : आणि तरी मिहानला दुर्गेशच्या विमानात बसायला निघालात. तेही बॅटरीचंच आहे.

प्रेमानंद : बसायले नाही, पाहायले. पोट्टा माझ्या हाताखाली शिकला, चार वेळा फोन केला, "सर, एकदा येऊन सीटवर बसा, एक चक्कर मारून आणतो." नाही कसं म्हणू? पण ते खेळणं आहे, मी त्याले तोंडावर सांगणार. आता पाह्य, आमचं विमान तेल पिऊन पिऊन हलकं होत जाते. निघताना जड, उतरताना हलकं. बॅटरीचं कसं? जेवण झालं तरी डबा तेवढाच जड. रिकामा डबा डोक्यावर घेऊन फिरा गावभर.

हिमानी : ते दोन सीटचं आहे, शिकणाऱ्या मुलांसाठी. अर्धा-पाऊण तास उडायचं अन् उतरायचं. त्याला कुठे दिल्लीला जायचंय?

प्रेमानंद : जायचं नसते, पण जावं लागते. वारं फिरते, पुढच्याचं चाक पंक्चर होऊन तो धावपट्टीवर बसून राहते. अन् खरी गोष्ट वेगळीच आहे. मी तेलाच्या काट्यावर कधी भरवसा ठेवला नाही. शिकत होतो तेव्हा विमानाच्या पंखावर चढायचं, टाकीचं झाकण उघडायचं, अन् काडी बुडवून पाहायचं. ओली कुठवर झाली, तेवढं तेल. दुसऱ्यानं पाह्यलं असलं तरी आपण पाहायचं. आता तू सांग, बॅटरीत काडी कुठं बुडवायची? तो डबा म्हणते अकरा टक्के, अन् आपण म्हणायचं, हो जी, अकरा टक्के.

हिमानी : खेळणंच आहे तर सकाळी सहाला उठून शर्टाला इस्त्री कोणी केली?

प्रेमानंद : चार लोकांत जायचं आहे.

हिमानी : जुना गॉगलही खिशात आहे.

प्रेमानंद : ऊन आहे बाहेर. विषय बदलू नको. मले काही वेगळंच वाटून राहिलं सकाळपासून. तुझ्या आईनं मले आजवर कधी उपाशी घराबाहेर काढलं नाही. पहाटे चारच्या ड्युटीलेही पोहे खाऊन जात होतो मी. अन् आज काय, तर चहासुद्धा नाही. म्हणे, तिथं नाश्ता आहे, तर्री-पोहे आहेत. अन् एवढं सांगून स्वतः आपल्याआधीच कुठं तरी बाहेर पडली.

हिमानी : आहेत न.

प्रेमानंद : विमानाच्या शेडमध्ये तर्री? बरं. अन् मागच्या सीटवर ती बॅग कायची?

हिमानी : माझी आहे. लॅपटॉप.

प्रेमानंद : लॅपटॉपच्या बॅगेतून माझा टॉवेल काहून डोकावून राहिला?

हिमानी : बाबा, गाडी चालवू द्या न जरा. ट्रॅफिक आहे.

प्रेमानंद : चालव. मी पाहूनच राहिलो. हा आला पंचशील चौक. मिहानले सरळ जायचं असते, वर्धा रोडनं. इंडिकेटर काहून देऊन राहिली?

हिमानी : पुढे काम चालू आहे रस्त्याचं. धंतोलीतून काढते.

प्रेमानंद : धंतोलीत दवाखान्यांशिवाय काय आहे वं? हा फोन कुठून वाजून राहिला? गाडीतूनच?

हिमानी : थांबा, मी कट करते.

सिंधूताई : हॅलो, हिमानी? कुठवर आले वं? इथं सिस्टर दोनदा विचारून गेली. त्याईनं काही खाल्लं तर नाही न? पाणीही देऊ नको म्हणते.

हिमानी : आई, फोन गाडीच्या स्पीकरवर आहे.

सिंधूताई : मंग?

प्रेमानंद : मंग काही नाही. बोल सिंधू. मी ऐकून राहिलो. सिस्टर अजून काय म्हणते?

सिंधूताई : अगं माय.

प्रेमानंद : मी म्हणत होतो, या गाडीवर भरवसा नाही. साऱ्या घरात खरं बोलणारी ही एकटीच निघाली. हिमानी, गाडी वळव.

हिमानी : नाही वळवणार.

प्रेमानंद : मी त्या डॉक्टरले तोंडावर सांगतलं होतं, छातीत बॅटरी नाही बसवायची. तुमच्यासमोर सांगतलं. तरी मले विमानाचं नाव सांगून, लहान पोराले लस टोचायले नेतात तसं नेता? त्या दुर्गेशलेही सामील केलं?

हिमानी : त्याचं आमंत्रण खरं आहे. आजचं नाही, एवढंच खोटं. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, सरांची छाती आधी नीट करून आणा, मगच मी त्यांना सीटवर बसवीन. तुम्हीच त्याला शिकवलं म्हणे, तब्येत ठीक नसलेल्याला कॉकपिटमध्ये घ्यायचं नाही.

प्रेमानंद : माझी तब्येत ठीक आहे. बाथरूममध्ये पाय घसरला. फरशी ओली होती.

सिंधूताई : कोरडी होती. मीच पुसली होती.

हिमानी : आणि इंदोरा चौकातलं? त्या दिवशी तुमच्या जुन्या गाडीत मी शेजारी बसले होते.

प्रेमानंद : ती गाडी बंद पडली होती. पेट्रोलमध्ये आजकाल काय काय मिसळतात, जुन्या इंजिनाले सोसत नाही.

हिमानी : गाडी चालू होती, बाबा.

प्रेमानंद : बंद पडली म्हणून तर मागचे हॉर्न मारून राहिले होते.

हिमानी : सिग्नल हिरवा झाला आणि तुम्ही हलले नाही, म्हणून मारत होते. इंजिन चालूच होतं, मला पायाखाली कळत होतं. तुमची मान खाली गेली होती. मी हाताला धरून हलवलं, हाका मारल्या. गाडी नाही, तुम्ही बंद पडले होते. मग एकदम डोळे उघडून म्हणाले, "काय वं, गाडी बंद पडली वाटते." मी तुमच्यासमोर हसले, आणि घरी येऊन संडासात बसून रडले. तेव्हापासून ती चाबी माझ्याकडे आहे. हरवली नाही.

प्रेमानंद : चाबी तुझ्याकडे आहे?

हिमानी : हो.

प्रेमानंद : मी साऱ्या घरातल्या गाद्या उचलून पाह्यल्या.

हिमानी : पाहत होते मी.

प्रेमानंद : मले वाटलं, सिग्नल लवकर सुटला. लाल होता अन् एकदम मागं हॉर्न. मधलं काहीच नाही. अंधारी नाही, चक्कर नाही. विमानात असं झालं असतं तर... सिंधू, आहे का फोनवर?

सिंधूताई : आहे. आता ऐकाच तुम्ही. हिनं तुमची चाबी लपवली, मी तर महिन्यापासून झोपलेच नाही. तुम्ही घोरायले लागले की बरं वाटते. घोरणं थांबलं की मी तुमच्या छातीवर हात ठेवते. लागते ते धडधडायले, मंग मी हात काढते, मंग पुन्हा भीती वाटते. पुन्हा ठेवते. थकले मी आता. माझं काही ऐकू नका, पण मले एक रात्र झोपू द्या.

प्रेमानंद : तो हात त्याच्यासाठी होता?

सिंधूताई : मंग कायच्यासाठी?

प्रेमानंद : मले वाटलं, म्हातारपणी हिले प्रेम आलं.

सिंधूताई : पोरीसमोर काही बोलत राहता. ठेवते मी. दारात उभी राहते.

हिमानी : ऐकलं न, बाबा?

प्रेमानंद : ऐकून राहिलो. चार्जिंगचं काय असते त्या छातीतल्या बॅटरीच्या? रात्री या गाडीच्या बाजूले उभं कराल का मले, एक वायर हिले अन् एक मले?

हिमानी : चार्ज करायचीच नसते. आठ-दहा वर्षं चालते. मग छोटंसं ऑपरेशन करून नवीन बसवतात.

प्रेमानंद : अन् मधातच संपली तर?

हिमानी : संपायच्या महिने आधी खूण देते. महिने, बाबा. तुम्ही अर्ध्या तासावर उडत होते.

प्रेमानंद : महिने?

हिमानी : मी तीन-तीनदा विचारलं. मला माहीत होतं, तुम्ही आधी हेच विचाराल. मधेमधे जाऊन तपासून घ्यायचं. शर्टावरून एक यंत्र ठेवतात, किती उरली ते कळते.

प्रेमानंद : म्हणजे पुन्हा यंत्रच. यंत्राची साक्ष यंत्र देणार. काडी बुडवून पाहायची सोय नाहीच.

हिमानी : आईचा हात आहे न.

(गाडी दवाखान्याच्या दारात थांबते. सिंधूताई पायऱ्या उतरून येताना दिसतात. प्रेमानंद पट्टा सोडत नाही.)

हिमानी : उतरता न?

प्रेमानंद : थांब जरा. आजोबाले मी विमानात कसं बसवलं होतं, तुले माहीत आहे?

हिमानी : आजोबांनीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, बसायचं नाही, फक्त आतून पाहू. तिकीट तुमच्या खिशात होतं.

प्रेमानंद : महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. अन् मंग साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरले, पोरानं विमानात बसवलं.

हिमानी : तुम्ही किती दिवस नाही बोलणार?

प्रेमानंद : पाहू. त्या डॉक्टरले एक सांग. डब्यातून काढल्यावर आधी माझ्या हातात द्यायचं ते. आत घालायच्या आधी मी पाहणार. वजन किती आहे, कसं आहे. दुसऱ्यानं पाह्यलेलं मी चालवत नाही.

हिमानी : खरी बॅटरी तर पाकिटातून काढून हातात नाही देणार. पण नमुन्याची एक आहे त्यांच्या टेबलावर, ती हातात देतो म्हणाले. विचारून ठेवलंय.

प्रेमानंद : तेही विचारलं?

हिमानी : कॅप्टन प्रेमानंदची पोरगी आहे.

प्रेमानंद : कॅप्टनच्या पोरी अकरा टक्क्यांवर निघत नाहीत. तेव्हाच समजलं होतं मले, मिहानले नाही जाऊन राहिलो आपण. तू एवढी बेपर्वा नाही. जवळच कुठं तरी नेऊन राहिली, अन् परत आणायचं काही धरलेलं नाही.

हिमानी : तसं नाही, बाबा. रात्री चार्जिंगला लावायचं राहून गेलं. डोकंच ठिकाणावर नव्हतं. तुम्ही आले नाही तर काय, आणि आले तर काय, हेच चाललं होतं.

प्रेमानंद : रडू नको. तुझी आई येऊन राहिली, तिले वाटेल मी रागावलो. तो गॉगल घे. खिशात राहिला तर फुटेल. दुर्गेशकडे जाताना लागेल मले.

हिमानी : द्या.

प्रेमानंद : अन् घरी गेली की आधी गाडी चार्जिंगले लाव. पूर्ण. मले घ्यायले येशील तेव्हा परतीचं धरून ये.