विसदृश : अर्थ आणि उपयोग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आमचे प्रमुख संपादक, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी आणि कोशाच्या कचेरीतील मित्रहो,

सरांविषयी चार शब्द बोला, असा निरोप आला. मी मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या; स्वतःचे चार शब्द कुठून आणू? एकाच शब्दावर बोलतो.

शालेय कोशाचं काम 'व'वर आलं होतं. 'विसदृश : सारखेपणा नसलेला, न जुळणारा.' अर्थ झाला, पण सरांना उपयोगाचं वाक्य हवं होतं. आमची चार वाक्यं त्यांनी खोडली. ''पोरांच्या डोक्यात बसेल असं काही आणा हो!''

शाळा सुटली की माझी लेक माझ्या टेबलाशी येऊन बसायची. नऊ वर्षांची. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ''अहो, हे तर आयतंच!'' आणि लिहिलं : 'मुद्रितशोधकाची मुलगी त्याच्याशी अगदी विसदृश आहे.'

सगळे हसले. मीही हसलो.

मुलगी आम्ही दत्तक घेतलेली. तिला अजून सांगितलं नव्हतं. कचेरीत हे एकट्या सरांना ठाऊक. त्या वेळच्या रजेचा अर्ज मी त्यांच्याच हातात दिला होता.

मुद्रित माझ्याकडेच आलं. 'विसदृश'ऐवजी 'विसद्रुश' छापलं होतं. तेवढं दुरुस्त केलं आणि खाली सही केली. आता सांगा, गुन्हा एकट्या सरांचा कसा म्हणू?

दोन वर्षांनी तो कोश तिच्या वर्गात गेला. बाईंनी पान मोठ्यानं वाचायला लावलं. बाप काय काम करतो, हे वर्गाला माहीत होतं. घरी येऊन तिनं पान माझ्यापुढे धरलं.

''बाबा, हे आपणच ना?''

नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, ''व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्य बरोबर आहे, बाळा.''

बाकीचं तिच्या आईनं सांगितलं. त्या दिवसापासून ती मला 'अहो' म्हणू लागली. घरातल्या घरात, परक्याला म्हणावं तसं.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी सरांपुढे हात जोडले.

''वाक्य चूक आहे का?''

''नाही, सर.''

''मुलगी विसदृश आहे की नाही?''

''आहे, सर.''

''मग? कोश काय तुमच्या घरच्या रडारडीवर चालवायचा?''

वहिनी, तुम्ही कशाला मान खाली घालता? तुम्ही तिथे नव्हता.

परवा सरांच्या खुर्चीवर माझी नेमणूक झाल्याचं पत्र आलं. पहिल्यांदा ते पान काढलं, पेन्सिल उचलली, आणि लेकीला फोन केला. ती आता दूरच्या शहरात शिक्षिका आहे. म्हटलं, ''ते वाक्य काढतोय गं.''

ती म्हणाली, ''नका काढू. मी वर्गात तेच सांगते. मुलांना अर्थ लगेच कळतो. फोन ठेवू?''

तेव्हा सर, निश्चिंत मनानं घरी जा. तुमचं वाक्य राहणार आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मधे घंटा वाजवली नाही, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. तपासून द्यायला आज कोणी नव्हतं.