गोलासमोर दम तुटला

अमरावतीला आमच्या भिंतीला भिंत लावून शाळेत हॉकी शिकवणारे वानखडे सर राहत, त्यांचं सांगते. पोरांना नुसत्या फेऱ्या मारायला लावणं त्यांना पसंत नव्हतं. ते हॉकीत हुतूतू घालत. "हुतूतू" म्हणत एका दमात चेंडू न्यायचा, अन् दम तुटला की समोरच्या संघाच्या गड्याला देऊन टाकायचा. मी विचारलंच, "सर, हे काय करून राहिले?"

"वहिनी, खेळता खेळताच पोरं शिकतात."

हेडमास्तरांना ते पटेना. "अकोल्याच्या शाळेशी सामना हरले, तर उद्यापासून फेऱ्याच," त्यांनी बजावलं.

सामना पाहायला मीही जाऊन बसले. बरोबरी चाललेली. शेवटी आमच्या संघातला गुलाब हुतूतू म्हणत अख्खं मैदान कापून गोलासमोर पोचला. गोलकीपर आडवा पडलेला. तिथं गुलाब थांबला अन् चेंडू त्यानं अकोल्याच्या पोराकडे सरकवला. त्या पोरानं तो पळवत नेला अन् आमच्यावर गोल केला.

सर धावत आले. "काहून देल्ला बे?"

"दम तुटला ना सर. बेइमानी कशी करू?"

सरांनी मान खाली घातली. हेडमास्तर मात्र हसू दाबत होते. "फेऱ्या नकोत," ते म्हणाले. "फक्त दम तुटला तर चेंडू आपल्याच पोराले द्या म्हणा."